ओडिएलच्या दोन बाटल्या

हॅलो?

हो, गोमारच बोलतोय… कोण, लेओनी? अगं, किती दिवसांनी तुझा आवाज… नाही नाही, बोल तू. काही करत नाहीये. म्हणजे करतोय, स्वयंपाक करतोय, पण हात पुसलेत.

हो, आजच. एक वाजता. का गं, जमत नाहीये का?… हुश्श. मला वाटलं, आता नाही म्हणतेस.

चिठ्ठी मिळाली ना?… तीनच ओळी होत्या, ठाऊक आहे. आधी चार पानं लिहिली होती. फाडली… हो. माझी पॉला गेली तेव्हा तुम्ही दोघांनी एवढं मोठं पत्र पाठवलंत, आणि मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. रोज समोर टेबलावर असायचं. रोज वाटायचं, आज लिहू. मग इतके दिवस गेले की लिहायचीच लाज वाटायला लागली. म्हणून म्हटलं, जेवायलाच बोलवावं… नको, असं म्हणू नकोस. तू रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

काय करतोय? बिअरमधलं बीफ. दुसरं काय येतंय मला? हेही येत नाही खरं तर. पॉला करायची तेव्हा मी दारात उभा राहून पुस्तक वाचायचो, तेवढ्यावर चाललंय.

कांदे? घातले, मांसाच्या निम्मे… हो, मांस आधी लोण्यात परतलं. थोडं थोडं, एकदम सगळं नाही… थाइम आहे, तमालपत्र आहे… पाव? घातला की! जाड तुकडे, मोहरी फासून. मोहरीची बाजू खाली… खालीच गं! चाळीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवलं, पावाची खालची बाजू कळते मला.

विरघळलाय. आता रस्सा असा दाट झालाय की चमचा उभा राहील. आणि वास… लेओनी, खोटं वाटेल तुला, पण पॉलाच्या हातच्यालासुद्धा असा वास कधी नव्हता. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, कोण आचारी ठेवलाय म्हणून. मी लाजून खिडकीच लावून घेतली.

बटाटे एकदा तळून ठेवलेत, दुसऱ्यांदा तुम्ही आल्यावर… चरबीतच! तेलातले ओडिएलला चालत नाहीत, विसरलो नाहीये मी.

काही आणू नकोस… बरं, आण. प्लमचा टार्ट आण.

ओडिएल कसा आहे पण?… जिना चढतो? वा… आणि डॉक्टर काय म्हणतात?… खरंच? एक पेला चालेल म्हणाले? सहा महिन्यांनी! अगं, मग त्याला आज… हो, एक म्हणजे एकच, मी लक्ष ठेवीन… कुठल्या बाटल्या?

…

हां. त्या.

हो हो, ऐकतोय… उभ्या करून ठेवायच्या. सकाळपासूनच. गाळ खाली बसायला… बरोबर आहे त्याचं. त्याचीच बिअर, त्याला नाही कळणार तर कुणाला.

लेओनी, त्यांच्यावर लेबल होतं का गं?… नव्हतं. नुसता चुन्याचा पट्टा… नाही, सहज विचारलं… आणि तोंडाला काय होतं?… बूच. तारेने बांधलेलं. हां.

अगं ऐक ना, कांदे मी जरा जास्तच परतले की काय कोण जाणे. करपले नाहीत, पण कडेने थोडे… हो. हो, बाटल्यांचंच बोल. बोल.

इस्पितळातसुद्धा तेच बोलायचा?… नर्सला?… हो, त्याच्या बिअरच्या भट्टीतली ती शेवटचीच. त्यानंतर तांब्याचे हंडे विकले. मी होतो की तिथे, ट्रकमागे कुत्र्यासारखा चालत गेला होता तो… दुसरीकडे कुठेच नाही? त्याच्या भावाकडे?… पिऊन टाकली. भावाने… म्हणून तर माझ्याकडे दिल्या, हो. "गोमार पुस्तकं वाचतो, बिअरकडे ढुंकून बघत नाही, त्याच्याकडे सुखरूप राहतील." आठवतंय… हसू नकोस गं.

आत्ता? तळघरात? कशाला, असतील की… बरं, बरं. त्याचं समाधान होऊ दे. तू फोन धर, मी बघून येतो… गुडघा ठीक आहे माझा. धर तू.

अरे देवा… पॉला, काय करून बसलो गं मी? स्वयंपाकाची बिअर तू त्याच फळीवर का ठेवायचीस? आणि मी तो पट्टा ओल्या फडक्याने पुसला. मातीने माखलेली बाटली मांसावर कशाला उपडी करा म्हणून. बुचाची तार चिमट्याने तोडली आणि वाटलं, हल्ली साध्या बिअरलासुद्धा किती थाट करतात…

हॅलो? हो, आलो. आहेत… दोन्ही. उभ्या केल्या… नाही, आवाज असाच. जिने चढून आलो ना, दम लागलाय.

सांगितलंस त्याला?… काय म्हणाला?… नवा शर्ट घालतोय? कशाला उगीच… लेओनी, मागे कोण गातंय? रेडिओ आहे का?… तो गातोय? ओडिएल?

…

लेओनी, त्याला थांबव… थांबव म्हणतो ना. मी तळघरात गेलोच नाही… नाही गेलो. इथेच होतो, चुलीपाशी. फोनवर हात ठेवून… बाटल्या तळघरात नाहीत. भांड्यात आहेत… बिडाच्या भांड्यात गं, मांसावर. दोन्ही… पहिली पुरली नाही म्हणून दुसरी.

नाही, ओळखल्या असत्या तर… पॉलाने ठेवल्या होत्या, कुठे ते मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं तिच्या रोजच्याच… हो. हो, खोटं बोललो. तेच जास्त वाईट आहे, कळतंय मला. बिअर चुकून गेली, खोटं मी ठरवून बोललो. याच्यासाठी मी वर्गात पोरांना कोपऱ्यात उभं करायचो.

येऊ नका तुम्ही. म्हणजे, नाही आलात तर मला समजेल… तू सांग ना त्याला. हळूच सांग, तुला येतं तसं… मी? नको. लेओनी, फोन देऊ नकोस त्याच्याकडे. काय सांगू मी त्याला? लेओनी? अगं…

…

ओडिएल.

हो, मी… ऐकलंस सगळं?… पहिल्यापासून फोन स्पीकरवर होता. म्हणजे मी "आहेत" म्हणालो, तेही. बरं.

शिव्या दे ना… अरे दे, मी ऐकतोय… एवढीच? ही तर तू बस चुकली तरी देतोस.

सकाळपासून आहे चुलीवर… नाही, उकळी येऊ दिली नाही. वर एखादाच बुडबुडा, तोही आळसात… साखर? घातली, चमचाभर… नको होती? मला कसं ठाऊक असणार ते!… हो, फेस आला ना. भांड्याच्या काठावर चढला, मी घाबरून मागेच सरलो… हसतोस काय? मला वाटलं बिघडलंय काहीतरी… दम टिकला होता अजून. हो. टिकला होता.

चाखली का? नाही… अरे, एक थेंबही नाही. मी कधी घेतो का? सरळ उपडी केली… ओडिएल, हे नको विचारू रे. नाही चाखली. कुणीच नाही चाखली.

बाटल्या? ओट्यावर आहेत. विसळायच्या… नाही, अजून विसळल्या नाहीत. नळ बंद आहे, ओरडू नकोस! हात लावला नाही मी. थांब, खिडकीपाशी धरतो… आहे. आहे रे, तळाशी! गाळ मांसात नको म्हणून शेवटची मी ओतली नाही. एकीत दोन बोटं असेल. दुसरीत थोडी जास्तच. गढूळ आहे पण.

जास्त आहे ती तुझी. बूच परत लावतो… आणि दुसरी कुणाची?… मी? नको रे, मला काय कळतंय त्यातलं… आत्ता? फोनवर? एक वाजेपर्यंत दम नाही धरवत तुला? अरे, तू येऊन स्वतःच… बरं. बरं, मी काही म्हणण्याच्या लायकीचा नाही आज. पेला घेतो… साधाच आहे, पाण्याचा. आता तुझा तो गोल पेला कुठे शोधू?

…

आंबट… थांब, घाई करू नकोस. आधी आंबट. मग… गोड नाही म्हणता यायचं. वाळलेली चेरी असते ना, तिच्या सालीसारखं काहीतरी. आणि खाली कुठेतरी लाकूड. पिंपाचं… अजून आहे. गिळलं तरी जात नाही तोंडातून. मला शब्द सापडत नाहीयेत, ओडिएल, एवढी पुस्तकं वाचून…

हॅलो? आहेस का?

खरं सांगू? मघाशी एकदा खोटं बोललो, आता नाही… चांगली आहे. फार चांगली आहे रे. आंबून तिचा शिरका झाला असता तर मी सुटलो असतो.

…

आणखी एक घोट? घेतो… बोलू नकोस मधे… आता आंबट मागे गेलं. हो… हो, कडू, पण उशिरा, तू म्हणतोस तसंच. अगदी जिभेच्या मागे… ती तशीच करायची होती तुला? मग झाली होती. तशीच झाली होती.

नाही, रडत नाहीये. कांदे आहेत इथे… परतलेल्या कांद्यांनी नाही येत पाणी, ठाऊक आहे मला. तू लेओनीला… नको, फोन नको देऊ. मला एक म्हणायचंय, ते तुलाच. मला लाज वाटते, ओडिएल… हसण्यावारी नको नेऊस, पुरतं म्हणू दे. तुझी ठेव मी ओळखलीसुद्धा नाही, आणि वर तुझ्या बायकोशी खोटं बोललो. लाज वाटते मला… झालं. एवढंच.

…

काय?… परत म्हण… अरे, ऐकू आलं, तरी परत म्हण.

हो. या. जिन्यावरून सावकाश. दार उघडंच ठेवतो.