चकचकीत टरफलं

नगमा : टरफलं नका भरू काका. आता काही उपेग नाही.

शेषराव : काहून वं? सहा महिने झाले, अमरावतीहून पोतं घेऊन येतेस. आज काय झालं?

नगमा : रोपटं लावाची पन्नी कॉलेजात पुन्हा फाटली. मक्याच्या स्टार्चची नुसती पन्नी लिबलिबीत होते, म्हनून तं तुमच्या दालमिलची टरफलं दळून टाकतो, तिले ताकद यावी म्हनून. अन् होऊन राहिलं उलटंच! रोपटं उचललं की बूड मोकळं.

शेषराव : मंग कॉलेजातले सर काय म्हनते?

नगमा : शुक्रवारी शेवटचं दाखव म्हनते. नाही टिकली तं वर्ष गेलं. अब्बाइनं मले हॉस्टेलात कसं ठेवलं, तुमाले ठाव हाय. काय तोंड दाखवू मी त्याइले?

शेषराव : रडू नको माय. मी तं तुले हातानं निवडून, सगळ्यात चकचकीत माल देतो.

नगमा : चकचकीत... काका, टरफल चकचकीत कशानं होते?

शेषराव : आता घ्या! तुरीले तेल लावतो ना आमी. त्याबिगर टरफल सुटते काय?

नगमा : या अल्ला! तेल? तेलकट टरफलाले स्टार्च धरंन कसा? अन् तुमी सांगतलं नाही!

शेषराव : तू इचारलं कवा? मले वाटे, पोरीले चांगला माल द्यावा... म्हंजे मीच घात केला काय तुहा?

नगमा : तुमी नाही. मीच नुसत्या पान्यानं धूत बसली.

शेषराव : थांब. माह्या वावरात कुटार पडलं हाय. तूर झोडपल्यावर उरलेली शेंगांची टरफलं. बैलं खातात. त्याले कोन तेल लावते?

नगमा : कुठं हाय वावर?

शेषराव : अकोटच्या रस्त्यावर. चाल, यष्टी भेटंन आत्ता. यंदा तूर लय पिकली नाही म्हना, पन तुह्यापुरतं कुटार निंघन.

(शुक्रवारी दुपारी, फोनवर.)

शेषराव : बोल लवकर, मशीन बंद करून आलो.

नगमा : सरांनी कुटाराच्या नव्या पन्नीत ओली माती भरली. रोपटं लावलं. उचललं, हालवलं...

शेषराव : अन्?

नगमा : नाही फाटली काका! नाही फाटली!

शेषराव : हुश्श! जीव भांड्यात पडला वं माहा. अब्बा काय म्हनले?

नगमा : त्याइले अजून कुठं सांगतलं? पयला तुमालेच लावला.

शेषराव : येडी हायेस. लाव त्याइले आधी. मी डबा खोलतो, चार दिवसांनी भूक लागून राहिली.