लेट्यूसचं दूध

तुम्ही हसाल, पण सुरुवात एका पांढऱ्या थेंबानं झाली. कापलेल्या देठावर तो दिसला, मग प्रत्येक देठावर. आमच्या नारायणगुड्याच्या गच्चीत, तेलाच्या जुन्या डब्यांतून मी लेट्यूस पिकवलं होतं. आख्ख्या गल्लीत पहिलं! आईची मैत्रीण रझिया खाला सकाळीच मोठी जुडी नामपल्लीला घेऊन गेल्या होत्या. त्यांचा दुबईचा जावई जेवायला येणार होता.

आई डोकावली. "अगबाई, हे तर रुईसारखं दूध! विषारी असलं म्हणजे?"

झालं! बॉटनीची पदवी राहिली बाजूला, हातातली कात्रीच पडली. घरी नवाच फोन आला होता, त्यावरून खालांकडे लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलेना. मला जावईबापू आडवे झालेले दिसायला लागले.

"आई, पोलीस येतील का गं?"

"आधी फोन तरी उचलू दे त्यांना!"

चौथ्यांदा लावला, तेव्हा खालांनी उचलला.

"खाला, वो पत्ते किसीने खाए तो नै ना?"

"सब खा गए बेटी! दामाद बोल रा, ऐसे पत्ते दुबई में भी नै मिलते. और हैं क्या?"