माफीचा नारळ

हॅलो? … हां, बोल सारजा… न्हाई गं, मोकळीच हाय, नुसती बसलेय… हो, हो… अगं ऐक ना, तुला कुणी सांगितलं?

ऋतिकचं लग्न ठरलं म्हणून? … न्हाई ठरलं. म्हंजे… ठरल्यावानीच झालंय. मला कायबी कळंना झालंय बघ.

अगं, मी मागणी घालाया गेलेच नव्हते. काल माफी मागाया गेले व्हते… आमच्या पोरानं त्या श्रेयाचे फोटू मित्रांच्या ग्रुपवर टाकले, त्याची… हो, तसलेच. दोन वर्सं दोघांचं चाललं व्हतं, पोरीनं विश्वासानं दिले व्हते. भांडण झालं आन ह्यानं रागात टाकले. आख्ख्या वारूळवाडीनं बघितले, सारजा. मला लई लाज वाटली. म्हणलं, आईनं तरी जावं. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून नारळ घेतला, खण घेतला, तिच्या आईची ओटी भरावी म्हणून…

हो ना, तिथंच चुकलं… ऐक तर. तिची आई म्हणली, माझी नको, हिची भरा. आन पोरीला पाटावर बसवलं. मी भरली… मला कुठं सुचलं तवा? पोराच्या आईनं कुवाऱ्या पोरीची ओटी भरली म्हणल्यावर त्यांनी काय समजायचं? तिचा बाप, चांगदेव भाऊ, हात जोडून म्हणला, हिरावहिनी, तुमी आमची अब्रू राखली. मीबी हात जोडले.

हे? … हे खूश हायेत. म्हणत्यात, मिटलं प्रकरण. आज चारला पावणं येणार, तारीख काढाया…

ऋतिकला काय झालंय. टोमॅटोचे क्रेट भरतोय खळ्यावर, मित्रांसंगं हसतोय. तिचं टीवायचं वर्ष, कॉलेज बंद केलं. भावानं मोबाईल फोडला. आन ह्याला परवा मंचरचं स्थळ आलं, सगळं ठावं असून. म्हणं, वयात व्हतंय असं…

तिनं काढलेच कशाला? … हेबी हेच म्हणले. मीबी पयल्यांदा हेच म्हणले, खोटं कशाला बोलू. मग ऋतिकला विचारलं, तू मागितले व्हते का? तर म्हणला, हो. मग तिनं दिले म्हणून ती वाईट, आन ह्यानं मागून घेऊन वाटले, तर हा… हा काय गं? … 'चुकलं बिचाऱ्याचं'?

थांब, थांब. तू तुझ्या पोरीचा, संस्कृतीचा मोबाईल काढून घेतला म्हंतीस. आन पोराचा, शौर्यचा? … का न्हाई? … अगं रागावू नको. मला खरंच कळंना म्हणून विचारतेय.

न्हाई, अजून सांगायचंच ऱ्हायलंय. मी निघाले तशी ती पोरगी मागं आली, चपला घालत व्हते तिथं. म्हणली, काकू, माफी तुमी मागितली, त्यानं न्हाई. मला लग्न नको. मला तक्रार करायचीय, आन घरात माझं कुणी ऐकंना. तुमी तरी सांगा.

…मी चपला अडकवल्या. आले निघून.

हो, केस व्हईल… माझ्या पोटचा हाय तो, मला कळत न्हाई का? पोराकडं बघितलं की वाटतं गप बसावं. आन गप बसले तर तारीख निघंल. मग ती पोरगी माझ्याच घरात, त्याच्याच खोलीत… मी तिच्याकडं कोणत्या तोंडानं बघू?

थांब, गाडी आली… आलेच की. चांगदेव भाऊ, तिचा मामा, दोन म्हातारे… नऊ माणसं. … पोरगी? न्हाई गं. तिला न्हाई आणलं… ठावं हाय मला, पद्धतच हाय ती. बोलणी करताना पोरीला आणत न्हाईत…

हे हाका मारत्यात, चहा टाक म्हणून. … न्हाई सारजा, न्हाई टाकत. आदी सांगते, पोरगी नको म्हणतीय. … तक्रारीचं? … तेबी सांगते. पुढं काय व्हईल ते मला तरी काय ठावं. मग चहा घेत्यात का उठून जात्यात, बघू. ठेवते.