गाडीला लुक नको, माप हवं

टायर विकणाऱ्याला गिऱ्हाइकाने माप सांगितलेलं खपत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. खराडीच्या एका दुकानात मी ड्रायव्हरच्या दाराच्या आतली कंपनीची पट्टी मोठ्याने वाचून दाखवली, "एकशे पासष्ट, ऐंशी, आर चौदा."

दुकानदार हसला. "काका, एकशे पंच्याऐंशी टाका. रुंद टायरने गाडीला लुक येतो."

"मी रिटायर झालोय. लुक आणून दाखवू कुणाला?"

"अहो, पट्टीवरचं कोण बघतं? सगळे हेच नेतात."

"मग पुढे एक बसवा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून दाखवा."

त्याने बसवला, वळवलं. टायर आतून मडगार्डला असा करकरला की शेजारचा चहावाला डोकावला.

"थोडंसंच लागतंय," दुकानदार म्हणाला. "एवढं पूर्ण वळवायचंच नाही, काका."

"मी कसब्यात राहतो," मी म्हटलं. "पूर्ण न वळवता आमच्या गल्लीत गाडी न्यायची, तर कोपऱ्यावरच्या जोश्यांची भिंत पाडावी लागेल. त्यांना विचारायला तुम्ही जा. माझ्या मापाचे टायर येईपर्यंत मी इथे बसतो."