रावजीची साखर

हॅलो?… हां अण्णा, बोला… नाही, तास सुरू व्हायचाय, स्टाफरूममध्येच आहे… कोण पडतोय?… रावजी? पडतोय म्हणजे? उडी मारताना?… चालताना!

दारू प्यायल्यासारखा?… अण्णा, हळू सांगा. मागचे पाय ओढतोय की चारही लटपटतायत?… बरं. कधीपासून?… सकाळपासून? अहो, मग सकाळीच नाही का फोन करायचा?… शाळा असली म्हणून काय झालं!

खाल्लं का त्याने?… वास घेतला आणि गेला. आणि इंजेक्शन?… दिलंत… नाही, ओरडत नाहीये. खाल्लं नाही तर द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी… हो, विसरलात. असू दे. राहू द्या ते आता.

एक मिनिट हं… मंजुषा, माझा सातवी ब चा तास घेशील? वडिलांचा फोन आहे वणीहून… नाही गं, ते बरे आहेत. आईचा बोका… हो, तोच, मधुमेहाचा… थँक्यू.

हां अण्णा. आता ऐका. त्याची साखर बघायची आहे… रविवारी मी येऊन बघते ते वेगळं. आज तुम्ही बघायची… अहो, दुसरं आहे कोण घरात?… नाशिकचे डॉक्टर काय फोनवरून कान टोचणार आहेत? आणि तुमच्या तिथले?… गाईंना लस टोचायला गेलेत. म्हणजे आज येत नाहीत ते. आपणच करायचं, अण्णा.

सप्तशृंगीच्या घाटातून भरलेली एसटी न्यायचात, आणि एवढ्याशा कानाला घाबरता?… हो, आईचा हात हलका होता. आधी स्वतःचं बोट, मग याचा कान… ‘घरात दोघं गोड, तिसरा कडू’, हो, तुम्हालाच म्हणायची. आणा मशीन. टीव्हीच्या खणात… स्पीकर लावा फोनचा. येतोय आवाज?

त्याला मांडीवर घ्या… पळत नाही? एरवी तर… बरं. पट्टी घाला मशीनमध्ये… उलटी असेल, फिरवा… लागली? आता कान तळहातात धरा, ऊब येईपर्यंत. कसा लागतोय?… गार.

…धरून ठेवा. कानामागे कापूस. कडेने जी शीर जाते ना, तिच्या बाहेर, अगदी काठावर टोचायचं… टोचा… अण्णा?… टोचलं? ओरडला का?… जरासुद्धा नाही?

थेंब आला?… पट्टीचं टोक नुसतं लावा त्याला, ती ओढून घेईल… नाही, दाबू नका… काय आला आकडा?… आकडाच नाही?… अक्षरं आहेत. कोणती?

एल… आणि ओ.

नाही, मशीन नाही बिघडलं. साखर इतकी उतरली की मशीनला मोजता येत नाहीये. अण्णा, मध आहे घरात?… घ्या, बोटाला लावा आणि त्याच्या हिरड्यांना चोळा. आत ओतू नका, श्वासात जाईल. नुसतं चोळायचं… दात आवळलेत? मग ओठाच्या आतून, गालाकडून… चोळत राहा. चाटतोय का?… नाही. असू दे. चोळा.

किती दिलं होतं सकाळी?… दोन रेघा. बरोबर आहे की. चष्मा होता ना डोळ्यावर?… मग इतकी कशी… सुई माझ्याच पाकिटातली ना?… संपल्या? कधी?… मग फोन करायचा ना, आणून दिल्या असत्या… मग ही कुठली घेतलीत?… आईच्या कपाटातली.

अण्णा, तिचं टोपण कोणत्या रंगाचं आहे?… बघून सांगा.

…लाल.

आहे, आहे मी. काही नाही… हो, टाकवेनात, कळतं मला. कोऱ्या होत्या, वाया कशाला घालवायच्या, हो… आज सकाळीच वापरली ना फक्त?… रात्रीसुद्धा… नाही, सहज विचारलं. तुम्ही चोळत राहा. मी निघालेच आहे. पार्किंगमध्ये आले. दिंडोरी रोडला लागले की… अण्णा? कसला आवाज येतोय?

झटका आलाय. घाबरू नका. आवळून धरू नका, डोकं तेवढं फरशीवर आपटू देऊ नका. बोट नका घालू तोंडात आता… थांबला? बरं… हिरड्या कशा दिसतायत?… पांढऱ्या. पुन्हा मध लावा. लावा, अण्णा.

डोळे उघडे आहेत?… डोळ्याच्या कोपऱ्याला हळूच बोट लावा. पापणी हलते?… परत लावा… बरं. छातीवर हात ठेवा. नीट, सगळा तळवा… हलतंय? नक्की?…

अण्णा, तोच हात जरा फरशीवर ठेवता?… ठेवा ना… आता?… फरशीवरसुद्धा हलतोय ना.

तो तुमचाच हात होता, अण्णा.

…

राहू द्या. मध राहू द्या आता… नका, परत टोचू नका त्याला… हो… हो. गेला.

…हो, म्हातारा झालाच होता… आली होती वेळ… तुमचं काय चुकलं? काही नाही. आई गेल्यापासून तुम्हीच तर त्याचं सगळं केलंत, दोन्ही वेळचं… आईच्या मागे गेला म्हणा हवं तर. मी येतेय, तोवर पाणी प्या तुम्ही.

कोण आलंय?… शेजारच्या कुसामावशी. बरं झालं. बसू दे त्यांना तुमच्याजवळ… काय देताय?… नको, सुया कशाला देताय कुणाला?… काकांना? काकांना कधी सुरू झालं इंजेक्शन?… कोणतं औषध?… रावजीचं होतं तेच? नाव तेच? नक्की?

देऊ नका. अण्णा, देऊ नका म्हणते ना… दिलंसुद्धा? परत घ्या. आत्ता घ्या त्यांच्या हातातून… घरात सुई नको आहे, कळतं मला, मी येऊन टाकते… काय कारण म्हणजे? मी सांगतेय म्हणून… तुम्हाला राग आला तरी चालेल, परत घ्या ते पाकीट… अण्णा, माणूस जाईल त्याने!

…

हो.

हो, त्यानेच.

आईचं औषध पातळ होतं, आणि याचं तीव्र. तिच्या लाल टोपणाच्या सुईच्या रेघा त्या पातळ औषधाच्या मापाने आखलेल्या. त्याच रेघेपर्यंत याचं औषध भरलं की जास्त जातं… अडीच पट… नाही, अण्णा, मोजायला नाही चुकलात तुम्ही. दोनच रेघा घेतल्यात. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं…

आईला? नाही! आईच्या औषधाला तीच सुई होती, तीच बरोबर होती. आईचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं… शप्पथ. तुमची शप्पथ, अण्णा.

मघाशी?… मघाशी नाही सांगितलं, कारण सांगणारच नव्हते. कधीच.

…

अण्णा?… बोला ना… अण्णा, फोन हातात आहे का?

कोण?… हां, मावशी. पाकीट तुमच्याकडेच आहे ना अजून? ते काकांना वापरायचं नाही. एकही नाही. चांगली असली तरी नाही… का ते आल्यावर सांगते. अण्णा काय करतायत?… हं… तुम्ही बसा त्यांच्यापाशी. मला तासभर तरी लागेल, तोवर उठू नका तिथून. बोलले नाहीत तरी बसा…

हो मावशी, मांजरच होतं… त्यांना म्हणू नका तसं… ठेवते.