बोटामागून येणारं चाक

आमचं गाव तिकडं परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या पुढं, डोंगराच्या कडंला. माझे वडील बाजाराच्या दिवशी कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या घासून द्यायचे, बाकीच्या दिवशी मिळंल ते काम. आमी चौघी बहिणी, मी तिसरी, सुनंदा. शाळा सातवीपर्यंत झाली आन मंग लग्नच झालं. पूनमच्या पप्पाला द्यायचं ठरलं तवा आई म्हणली पोरगा दिल्लीला कंपनीत हाय, तुला काय कमी पडणार न्हाई. पूनमचे पप्पा म्हणजे माझे मालक बरं का ताई, पूनम आमची एकुलती एक लेक, तिच्या नावानंच मी त्यांना बोलते, नाव घ्यायची सवय न्हाई मला. तर त्यांचे मामा इथं सरकारी हापिसात शिपाई व्हते, त्यांनीच त्यांना फरीदाबादच्या कंपनीत चिकटवलं व्हतं. दिल्ली दिल्ली म्हणत मी आले, आन उतरले ती फरीदाबादला, एक खोली, बाहेर नाली, चारी बाजूनं धाडधाड मशीनचा आवाज. मला वाटलं रातीला तरी थांबल. न्हाई थांबत. आता तर आवाज नसला तर झोप येत न्हाई.

त्यांचं काम पत्रा दाबायच्या मशीनवर व्हतं. खाली पत्रा ठिवायचा, हात काढायचा, वरून दाब येतो, पत्र्याचा आकार होतो, तो काढायचा, दुसरा ठिवायचा. हात काढायचा, हेच सगळं काम हाय बगा त्यात. एक दिवस मशीन दोनदा खाली आलं. उजव्या हाताची चारी बोटं गेली, अंगठा तेवढा ऱ्हायला. मी दवाखान्यात गेले तर ठेकेदार बाहेर हुबा व्हता, मला म्हणला, भाभी, यह तो हमारा आदमी है ही नहीं, किसी और की जगह आया था. पाच वर्षं रोज त्याला नमस्ते करून आत जाणारा माणूस, आन तो म्हणतो आमचा न्हाईच. मी आत गेले तर पूनमचे पप्पा मला म्हणले, बोटं कुठं हायत बग, कोनी उचलली का. मी म्हणलं उचलली. खोटंच बोलले, मला काय म्हाईत. कंपनीत झाडून घेतली असतील.

मंग वरीसभर ते घरात बसून व्हते. कोनाशी बोलनं न्हाई. जेवायला मी घास करून भरवायचे, डाव्या हातानं जमायचं न्हाई त्यांना, आन चमचा दिला तर फेकून द्यायचे. मी कोठ्यांमध्ये, म्हणजे इकडच्या बंगल्यांमध्ये, भांडी घासायला जायचे. तवा आमच्या गल्लीत एक बिहारी चाचा व्हते, खिडक्यांच्या जाळ्या बदलायचे, मच्छरच्या जाळ्या. त्यांचे डोळे गेले, मोतीबिंदू, ते गावाला परत निघाले. जाताना त्यांनी त्यांचा रोलर पूनमच्या पप्पाला दिला. म्हणले, बेटा, इसमें उंगली नहीं चाहिए, हथेली का ज़ोर चाहिए.

हाच तो, तुमी बगायलात ना, हाच. लाकडाची मूठ, दोन्ही टोकाला एक एक लोखंडी चाक. ह्या चाकाची धार गोल हाय, त्यानं जाळी फ्रेमच्या खाचीत दाबायची. ह्या दुसऱ्याला मधी नाली हाय, त्यानं वरून रबराची दोरी बसवायची. रबर बसलं की जाळी ताठ, ढोलकीसारखी. बस, एवढंच. चाचांनी एका जुन्या फ्रेमवर शिकवलं. मी माझी जुनी साडी फाडून पट्टी केली, त्यांच्या तळव्याला मूठ बांधली, अंगठ्यात अडकवली. आन तळव्याच्या जोरावर चाक फिरलं, रबर आत गेलं. ताई, वरसानं हसले ते. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, संध्याकाळपर्यंत तेच. मी दारात बसून बगत व्हते. ते दिवस लई चांगले गेले, काय सांगू तुमाला. थोडेच व्हते पर चांगले.

आता कसं हाय, रोलर चालतो एका हातानं, पर दुसऱ्या हातानं जाळी ताणावी लागती आन रबर पुढं पुढं खाचीवर दाबून धरावं लागतं. त्यांचा डावा हात जाळी ताणायला. मंग रबर कोन धरनार? मी. मी भांड्याची कामं सोडली आन त्यांच्यासंगं निघाले. माझं बोट पुढं रबरावर, मागून त्यांचं चाक. बोट सरकलं की चाक सरकायचं. असं आमी फरीदाबाद केलं, मंग मेट्रोनं गुरुग्रामला जायला लागलो, तिकडं टावर, तिकडं हर घरात जाळी.

पहिल्या बारीला चाक बोटावर आलं तवा मला वाटलं चुकून आलं. मी हात झटकला, म्हणलं, अहो, जरा बघून. त्यांनी चाक परत खाचीवर ठिवलं. त्या दिवशी सकाळी मी गेटवर गारडशी हसून बोलले व्हते, पाणी मागितलं व्हतं त्याला. मंग दुसऱ्या बारीला आलं, आन तवा मी त्यांच्याकडं बघितलं, आन ते माझ्याकडंच बगायलते. फ्रेमकडं न्हाई. तवा समजलं.

घरात कधी हात उचलला न्हाई त्यांनी, हे पन सांगते. शेजारनी म्हणायच्या, सुनंदा, तेरा आदमी देवता है. जे काय व्हतं ते खिडकीवर. चहाला उशीर झाला, खिडकीवर. पूनमच्या शाळेत मास्तरशी मी बोलले, खिडकीवर. पोरगा झाला न्हाई, ते तर कधीपन. सकाळपास्नं चेहरा बघून मला कळायचं आज येनार. आन तरी बोट ठिवायचं बगा. बोट न्हाई ठिवलं तर रबर बसत न्हाई, काम व्हत न्हाई. नखं काळी पडायची, गळायची, नवी यायची वाकडी. कोनी विचारलं तर मी सांगायचे दारात सापडलं. पर कोनी विचारायचंच न्हाई. सगळे त्यांचा हात बगायचे. अरे रे, एका हातानं काम करतात, किती हिंमत. त्यांना चहा कपबशीत, पुढं बिस्कुट. मला पन द्यायचे चहा, न्हाई म्हणत न्हाई मी.

गुरुग्रामला एक मॅडम भेटल्या, पुण्याकडच्या. आमचं बोलनं ऐकून म्हणल्या, अय्या, मराठी आहात का तुम्ही? मला बसायला स्टूल दिलं. गाव कुठलं, मुलं किती, इकडं करमतं का. ताई, किती दिसानं आपल्या भाषेत कोनी माझ्याशी बोललं. मला वाटलं ह्यांना सांगावं. मी बोलायलते, गावाकडचं सांगायलते, कुलपांचं, वडिलांचं, आन हात रबरावर तसाच. चाक आलं. ह्या बारीला हळू आलं, दाबून, आन थांबलं नखावर. नख उभं फाटलं. रगत आलं, फ्रेमवर न्हाई, खाली फरशीवर. मॅडमनी बघितलं. सगळं बघितलं त्यांनी, चाक थांबलेलं पन बघितलं, माझ्या तोंडाकडं पन बघितलं. आन म्हणल्या, ताई, जरा बाल्कनीत घ्या ना, मार्बल आहे, डाग जात नाही.

मी बाल्कनीत गेले. त्यांनी टिशू आनून दिला. मंग आत पूनमच्या पप्पाला म्हणल्या, दादा, काम छान आहे हो तुमचं, सासूबाईंच्या खोलीतली पण करून टाका आजच. टिशू गुंडाळून मी ती पन धरली. आन त्यांनी आमचं नाव त्यांच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, तिथून किती घरं मिळाली. बिचारे दादा, मेहनती आहेत, सगळ्यांनी यांनाच बोलवा, असं. मला त्यांच्यावर राग न्हाई. म्हणजे हाय. पर कामं मिळाली हे पन खरंच ना.

पूनमचं लग्न केलं, बल्लभगढला दिली. एकदा ती माहेरी आली तवा मी तिला हात दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणलं, बाळा, हे दारात न्हाई सापडलं, हे पप्पा करतात. ती पप्पाची लाडकी, पर मला वाटलं बाईमाणूस हाय आता, तिला कळंल. तिनं हात हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला. तिला मराठी समजती पर बोलती हिंदीतच. म्हणली, मम्मी, पापा की तो उंगलियां ही चली गईं. आपकी तो सब हैं ना.

मी हात काढून घेतला. तिच्यासाठी पुरनपोळी करायची व्हती, केली.

आता ह्याच्या फुडचं सांगते. त्याच महिन्यात आमी इथंच, फरीदाबादच्या सेक्टरात, एका म्हाताऱ्या आंटीच्या कोठीत गेलो. पंजाबी आंटी, एकट्याच, खालच्या मजल्यावर. फ्रेम बाहेर अंगनात टाकली, जुनं रबर काढलं, नवी जाळी पसरली. पूनमच्या पप्पांनी मूठ बांधून घेतली, मीच बांधली रोजच्यासारखी. म्हणले, धर. मी हात ठिवलाच न्हाई. खरं सांगते, ठरवून गेले नव्हते. हात मांडीवर व्हते आन ते तिथून उठेनात. ते म्हणले, ऐकू येत न्हाई का, धर. मी म्हणलं, तुमी करा.

त्यांनी केलं. डाव्या हातानं रबर धरलं तर जाळी ढिली, जाळी ताणली तर रबर बाहेर उडतं. गुडघ्यानं दाबून बघितलं. दातानं ताणायला गेले. ऊन व्हतं, घाम डोळ्यात जायला लागला, पुसायला हात न्हाई, एकात जाळी, दुसऱ्याला मूठ बांधलेली. अर्धी बाजू बसवली की पहिली निघायची. आंटी खुर्चीवर बसलेल्या, त्या मला म्हणल्या, कैसी औरत है तू, पकड़ ले ना, बेचारे का हाथ नहीं है. मी म्हणलं, दिख रहा है आंटीजी, मेरे पास भी आंखें हैं. आन बसून ऱ्हायले. मला बरं वाटायलतं ताई. कशाला खोटं सांगू, लई बरं वाटायलतं. त्यांचं तोंड रडल्यासारखं झालं, पार लेकरावानी, तरी मी बगतच व्हते.

शेवटी ते थकले. तसेच बसले फ्रेमच्या कडंला. मी उठले, त्यांच्या तळव्याची पट्टी सोडली, रोलर घेतला आन बसले. एवढी वरसं बोट फुडं धरून धरून मला सगळं पाठ व्हतं. उजव्या हातात रोलर, त्याच हाताच्या खालच्या बोटांनी जाळी ताणलेली, डावं बोट रबरावर, थांबवायचं, चाक आनायचं, बोट फुडं. चारी बाजू बसवल्या. कोपरे कापले. जाळीवर टिचकी मारली. दोन्ही हात धड असलेल्या माणसाला दुसरं माणूस लागतच न्हाई ह्या कामाला. ते त्यांनी पन बघितलं. मी त्यांना दाखवूनच केलं, हळूहळू.

परत येताना टमटममधी आमी समोरासमोर बसलो. मी वाट बगत व्हते घरी गेल्यावर काय करतील. काहीच केलं न्हाई. भिंतीकडं तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना उठवलं न्हाई, एकटीच गेले. पूनमला फोन गेला, ती आन जावई आले, घेऊन गेले त्यांना बल्लभगढला. जाताना पूनम मला म्हणली, आपने पापा को मार डाला. दोन महिन्यांनी जावयानं परत आनून दारात सोडलं. थैली खाली ठिवली, पाया पडला, आन म्हणला, मम्मीजी, पूनम से नहीं हो रहा. पूनम गाडीतून उतरली पन न्हाई.

तवापास्नं ते घरातच हायत. सकाळी मी भाकरी आन भाजी ताटात वाढून ठिवते, चमचा ठिवते, आन निघते. पूर्वी घास भरवायचे, आता न्हाई भरवत. त्यांनी मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई. डाव्या हातानं खातात, सांडतं, संध्याकाळी मी पुसते. बोलनं फक्त कामापुरतं, गॅस संपला, पाणी आलं, असं. लोक म्हणतात सोडून दे, कोनी म्हणतं सेवा कर, देव बघतो. मी दोन्ही करत न्हाई. एवढं वय झालं, आता कुठं जाऊ आन कशाला जाऊ.

आन संध्याकाळी मी गल्लीत शिरले ना, की ते ओट्यावर बसलेले असतात, चार मानसं भोवती, आन सांगत असतात, सुनंदा को मैंने सिखाया, सब काम मैंने सिखाया, पहले कुछ नहीं आता था इसको. मानसं माझ्याकडं बगतात. मी म्हणते हां. खरंच हाय ना ते. त्यांनीच शिकवलं.

झाली बगा तुमची खिडकी. आजच्या दिवस जाळीला हात लावू नका, रबर बसू द्या. रातीला खुशाल खिडकी उघडी ठिवून झोपा. लेकरं कुठं हायत तुमची, शाळेत का? सुखी ऱ्हाऊ द्या त्यांना. येते मी.