नऊ मीटरचा उखाणा

...नऊ मीटर! तुमाले सांगतो, धुऱ्याबांधावरची हातभर जमीन गेली तं माणूस तहसीलीत जाते, अन् इथं अख्ख्या पहाडाचे नऊ मीटर गेले, तं मले कोणी एका शब्दानं सांगतलं नाही. कोणता पहाड म्हणता? आता काय सांगू... आइसलंडचा. तिकडं उत्तरेकडं समुद्रात, निस्ता ज्वालामुखीचा मुलूख, वरून बरफ. तिथला सगळ्यात उंच पहाड, ह्वानादाल्सह्न्यूकुर. हसू नका, मधात एक आवंढा गिळला की येते बरोबर. दोन नंबरचा बार्दारबुंगा. तो सोपा आहे, बैलाले शोभंल असं नाव आहे त्याचं.

तं मी मॅट्रिकले होतो, बाळापूरले. सामान्यज्ञानाची स्पर्धा. पाहुण्यानं इचारलं, 'आइसलंडचा सर्वोच्च पर्वत कोणता, उंची किती?' मी उठलो, नाव घेतलं, आवंढ्यासकट, अन् म्हणलं, एकवीसशे एकोणीस मीटर! टाळ्या वाजवणाऱ्यात माहे होणारे चुलतसासरे भगवंतराव बसले होते. घरी जाऊन म्हणे, 'ज्या पोट्ट्याले आइसलंडचा पहाड ठाऊक आहे, त्याले सोताच्या वावराचा धुरा सापडंलच. आपली मनकर्णा तिथंच द्या.' असं लगन जमलं बाप्पा माहं. अन् लग्नात मनकर्णानं उखाणा घेतला,

'आइसलंडचा उंच पहाड, मीटर एकवीसशे एकोणीस,
खुशालराव माहे नाहीत कोणापेक्षा उन्नीस.'

सारा मांडव गार! आता तुमी म्हणसान, त्यात काय एवढं? अहो, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते का कधी? एरवी मी म्हणजे 'आयकलं का'. एकदा दुखण्यात पडली, डॉक्टरनं इचारलं, 'मालकाचं नाव काय?' तं माह्याकडं बोट दाखवलं तिनं. माहं नाव तिच्या तोंडून आयकायचं, तं त्या एका उखाण्यात. कोणाचं बारसं असो, कोणाची वास्तू असो, मी दाराआड उभा. ती 'आइसलंडचा' म्हणे, अन् इकडं माहे कान टवकारत. पन्नास वर्षं होत आली, अजून तसंच होते मले.

अन् आमच्या नातवाच्या, अंकुरच्या साक्षगंधात, साखरपुडा म्हणा, अमरावतीले, गेले नऊ मीटर! बायायनं आग्रह केला, मनकर्णा उठली, पदर सावरला, 'आइसलंडचा उंच पहाड, मीटर एकवीसशे एकोणीस...' अन् नवरी, पौर्णिमा, कॉलेजात भूगोल शिकवते, ती हळूच म्हणते, 'आजी, तो नव्यानं मोजला ना दोन हजार पाचमधी. एकवीसशे दहाच भरला.' झालं! मनकर्णा थांबली. नावाच्या ऐन उंबरठ्यावर थांबली हो! 'खोटा उखाणा मी घेत नाही,' म्हणे, अन् बसली खाली.

मी घरी म्हणलं, 'अवं, एवढ्या मोठ्या पहाडाले नऊ मीटरनं काय होते?' तं म्हणे, 'मंग दहाले उन्नीस जुळवून दाखवा.' पौर्णिमाले फोन केला, 'बेटा, पुन्हा नाही का मोजत ते?' ती म्हणते, 'आबाजी, मोजला तरी आता वाढत नाही.' मधात शेजारचं बारसं झालं, मी आपला दाराआड, अन् ही म्हणते, 'घसा बसला.' नऊ मीटरसाठी घसा बसला! खरं सांगू? त्या पहाडाचं मले काहीच नाही. तो बुडो समुद्रात. पण वय झालं की वाटते हो, आता अजून कितीक बार आयकू आपलं नाव तिच्या तोंडून...

मंग लगन लागलं. जेवणाच्या पंगतीत पौर्णिमाच म्हणते, 'आजी, घ्या ना नाव.' माहा घास हातातच. मनकर्णा उठली, सगळ्या पंगतीकडं पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं, अन् म्हणते,

'आइसलंडचा पहाड उतरला, झाला एकवीसशे दहा,
खुशालरावायचा तोरा काही उतरत नाही, तुमीच आता पहा!'

सोयरे लोटपोट, वाढपी लोटपोट, नवरदेवाच्या डोळ्यात पाणी. माही पन्नास वर्षांची इज्जत, गेली भाताच्या पातेल्यात! अन् मी काय करतो?... म्हणलं, 'पुन्हा एकदा म्हण बरं, मांगच्या लोकायले आयकू नाही आलं.'